हक्कसोडीचं बाकडं

“सहीच्या आधीच साडी घिऊन आलास व्हय दादा?” शकुंतलेने विचारलं, आणि सतरा वर्षांनी सख्ख्या भावाशी बोललेलं पहिलं वाक्य इतकं जहरी निघालं याचं तिला मनापासून समाधान वाटलं!

लालासाहेब नोंदणी कचेरीच्या पायरीवर साडीची पिशवी घेऊन उभा होता. मागे माधवनगरच्या सासरहून एस.टी.ने आलेली धाकटी बहीण, शालू. वडील गेल्यावर बहिणींनी जमिनीतला आपला वाटा भावाला सोडायचा, हक्कसोडपत्रावर सही करायची आणि साडी-चोळी घेऊन परत जायचं, ही रहिमतपूरच्या त्यांच्या भावकीतली रीत. शालू तेव्हा सात वर्षांची होती, म्हणून तिची सही राहिली होती. ती आज, १९९६ साली, व्हायची होती.

शकुंतलेची सही एकोणिसाव्या वर्षीच झाली होती... दादा खुर्चीमागे उभा, त्याचा श्वास तिच्या मानेवर! “राजीखुशीनं ना?” हे कारकुनाने विचारलं तेही दादाकडे बघून. त्या वाट्याच्या बळावर तिला कॉलेजला जायचं होतं. पुढे गिरणीच्या कचेरीत टायपिंग करत ती वकिली शिकली, धरणग्रस्त बायकांचे दावे लढली, सांगलीतली चालती वकिली सोडून शासनाच्या समितीवर गेली आणि तीन वर्षं भांडून तिने एक नियम करून घेतला: हक्क सोडणाऱ्या बाईला अधिकाऱ्याने एकटीला, दार लावून विचारायचं. लोक त्याला सामाजिक न्याय म्हणत. पण प्रत्येक मसुदा लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस दाराबाहेर घालवला जात होता... आणि आज तो दिवस उजाडला होता!

“तुम्ही बाहेर थांबा,” तरुण निबंधक सौमित्र लालासाहेबाला म्हणाला. तो गेला. शकुंतला शालूशेजारी खुर्ची ओढून बसली. शालूने फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. शकुंतलेने तिला ते कालच फोनवर पढवून ठेवलं होतं.

“मॅडम, आपणही.”

“मी?”

“नियमात ‘एकटीला’ असं आहे. शब्द आपलाच आहे, मॅडम.”

तिचे कान तापले. तिने शालूकडे पाहिलं.

“जा की ताई,” शालू हळूच म्हणाली. “तू बी मागं हुबी ऱ्हाऊ नगंस.”

बाहेर एकच बाकडं होतं. भाऊ एका टोकाला, बहीण दुसऱ्याला!

“लय खूश असशील,” लालासाहेब म्हणाला.

“अजून न्हाई.”

“सगळा कायदा आमच्यासाठीच शिकलीस म्हणायचं.”

“मग! गुरू तूच की!”

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. “शकू... तवा तुला कुणी असं एकटीला इचारलं असतं, तर?”

“न्हाई म्हटलं असतं.”

“ठावं हुतं मला,” तो म्हणाला. “म्हून तर खुर्चीमागनं हाललो न्हाई.”

रीत, आई, गरिबी... त्याच्या प्रत्येक सबबीला तिने सतरा वर्षं उत्तर घोटून ठेवलं होतं. कबुलीची मात्र तिने कधी तयारीच केली नव्हती!

दार उघडलं. शालू कागद तसाच, बिनसहीचा घेऊन बाहेर आली.

“मी सही केली न्हाई, दादा. आन ताई, तू सांगितलंस म्हणून बी न्हाई. गिरणी बंद पडल्यापास्नं ह्यास्नी काम न्हाई. वड्याकडचं दीड एकर आमीच कसणार.” मग जरा खालच्या आवाजात, “पेरणीला बैल देशील न्हवं?”

“बैल कवाच इकलं. ट्रॅक्टर हाय,” लालासाहेब कसाबसा म्हणाला. मग शकुंतलेकडे वळला. “तुझा तो कागद... आता माघारी फिरंल का गं?”

“दाव्याची मुदत संपली, दादा. चौदा वर्षांमागं.”

तो तोंडावर टॉवेल धरून रडू लागला. हेच रडणं बघायला ती इतकी वर्षं जगली होती... पण ते आता तिला बघवेना. तिने त्याचे डोळे पुसले नाहीत; त्याला माफही केलं नाही. सांगलीची गाडी सुटायची वेळ झाली, तिने एकदा घड्याळात पाहिलं आणि गाडी जाऊ दिली.