तिच्या वेगानं भागलेली पावलं

मंडईत शैलाताई मेथीची जुडी निवडायला थांबल्या आणि मागून येणारे मुकुंदराव एक पाय उचललेल्या अवस्थेत जागीच अडकले.

"झालं! अडलं यांचं घोडं," म्हणत शैलाताईंनी उभ्याउभ्या चार पावलं आपटली, तेव्हा कुठे मुकुंदरावांचा पाय खाली आला. भाजीवाली तोंडाला पदर लावून हसली.

पक्षाघातानंतर मुकुंदरावांच्या पायाला हा चालता सांगाडा लेकीनं, केतकीनं, स्वतः बनवून बसवला होता. शैलाताईंच्या घोट्यावरची पट्टी त्यांचा वेग कळवायची आणि सांगाडा त्याच्याशी मेळ राखायचा. लग्नापासून बायकोच्या दहा पावलं पुढे चालणारा हा गृहस्थ आता मुकाट तिच्या मागून चाले, आणि बाईसाहेब भलत्याच खूश होत्या.

संध्याकाळी केतकीनं कपाळावर हात मारला. "चूक माझीच. तुमच्या चाली म्हणजे गणितातली दोन फलं, दर क्षणाला एकेक वेग देणारी. बाबा तुझ्या मानानं किती मागे पडतात ते कळावं, म्हणून मी त्यांच्या वेगाला तुझ्या वेगानं भागलं. तू थांबलीस की छेद शून्य! ती जागा फलाच्या प्रांतातच, म्हणजे ते जिथं उत्तर देतं त्या जागांतच, नाही. तिथं त्याच्याकडे उत्तरच नसतं."

"मग दुरुस्त कर बाई. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन. माझ्याविना यांना चालता यायला नको?"

केतकीनं भागाकार काढला, दोन्ही वेगांची बेरीज करून निम्मी घेतली. शैलाताई खुर्चीत बसून राहिल्या आणि मुकुंदराव घरभर हिंडले. "अगंबाई!" म्हणून त्या रडल्याच.

सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी नर्सनं शैलाताईंच्या बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, घोट्यावरची पट्टीही काढली. दार लागलं. मुकुंदराव बाकाकडे वळायला गेले, तर पाय हलेना.

केतकी खाली बसून मोबाइलवर धडपडू लागली. "बाबा, बेरजेलाही दोन्ही किमती लागतात हो! आई थांबली तर शून्य, ते चालतं. पण पट्टीच नाही म्हटल्यावर किंमतच नाही. दोघांच्या प्रांतांचा सामाईक भागच तेवढा उरतो, जिथं दोघांचीही किंमत असते. थांबा, एक ओळ घालते: आईचा वेग मिळाला नाही तर तुमचा एकट्याचा घ्यायचा. मग आई नसली तरी..."

तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

मुकुंदरावांनी भिंतीला हात टेकला आणि दुसरा तिच्या डोक्यावर ठेवला. "घाल, पोरी, घाल. तुझं गणित बरोबरच असेल. पाय चालेल माझा," ते बंद दाराकडे बघत म्हणाले, "पण मी जाऊ कुठं?"