कुंडीतलं पाणी

वसुमतीच्या पदरात पडणार होते अकरा दिवस, आणि ते निभले तर पुढची प्रत्येक उन्हाळी सुट्टी. तिची भावजय बिनल मुलांना सोडायला राजकोटला आली ती चप्पलही न काढता दारातूनच बोलली.

"वसुबेन, मागच्या दोन्ही खेपांना दुसऱ्या दिवशीच यांनी रडून घर डोक्यावर घेतलं. वडोदऱ्याहून धावत यावं लागलं मला. आता नव्या घरात सामान लावायचंय. या वेळी रडण्याचा एक जरी फोन आला, तर यापुढे पोरं जामनगरला, माझ्या आईकडे."

वसू पन्नाशीची, बिनलग्नाची, बोलण्यात सोनी बाजारात कोणाला हार न जाणारी. पण तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. मी समोरच्या ओट्यावर बांगड्यांना खडे चिकटवत बसले होते. वसूचं इतकं छोटं उत्तर मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

ध्रुवी नऊ वर्षांची, हेत सहाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी हेत पायात बूट घालून उंबऱ्यावर बसला. ओठ थरथरायला लागले होते.

"फई, स्लाइम करूया?" ध्रुवी आत्याला म्हणाली. "मम्मी घरात करू देत नाही."

"मग करूयाच. काय लागतं?"

"पांढरा गोंद. आणि बोरॅक्स, पाण्यात विरघळवून."

"बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. अगं, तुझ्या दादांचा, माझ्या बापुजींचा, जन्म गेला त्यात. दागिने झाळायला बसले की मिशांनाही टाकणखार." वसूने मला हाक मारली. "भानुबेन, गोंदाचा एक डबा द्या."

"आणि परत कधी?"

"पोरं रडली तर लगेच."

टाकणखार खालच्या कारखान्यात होता. वसूचे बापुजी गेल्यापासून, आठ वर्षं, तो बंदच आहे. सोन्याचं काम करणारा माणूस हात धुतो ते पाणी फेकत नाही. एकाच कुंडीत धुतो, तळाशी कण बसतात, आणि वर्षातून एकदा झारेकरी येऊन त्यातल्या सोन्यासाठी तो गाळ विकत घेऊन जातो. बापुजींनंतर वसूने झारेकऱ्याला दरवर्षी दारातून परत पाठवलं आणि दर दिवाळीला कुंडीत लोटाभर पाणी मात्र वाढवलं.

"आत गिन्या पोहतात की काय गं?" मी एकदा डिवचलं होतं.

"तीन पिढ्यांचे हात आहेत त्यात," ती म्हणाली. "विकू कशी?"

आमच्याकडे नळ वीस मिनिटं येतो. त्या दिवशी तेवढाही आला नव्हता. प्यायचं पाणी पोरांच्या खेळात कोण घालील? वसूने कुंडीतून पातेलंभर काढलं आणि त्यात टाकणखार विरघळवला. मी पाहत होते. मीही तेच केलं असतं.

गोंद त्यात पडताच आधी फाटलेल्या दुधासारखा झाला, मग सावकाश एक झाला. रंग घातलाच नव्हता, तरी तो मोत्यासारखा दिसत होता आणि आत कुठे कुठे पिवळं काही चमकून विझत होतं. मे महिन्यात तो गोळा विहिरीच्या पायरीसारखा गार होता. एक ते चार बाजार बंद असतो. त्या सामसुमीत तिघांच्या मळण्याचा ओला आवाज तेवढा येत राहिला. बघता बघता हेतने बूट काढले.

"भानुमासी, तुम्ही पण घ्या ना," तो मला म्हणाला.

मी दोनदा ओढून पाहिला. झोपलेल्या माणसाचा हात हातात घ्यावा तसं वाटलं. मी तो पटकन परत दिला.

संध्याकाळी कोणी रडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज दुपारी डबा उघडायचा, तिघांचे हात त्यात जायचे, आणि वसू तर पोरं झोपली तरी मळत बसायची. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं सुख होतं.

चौथ्या दिवशी बिनलचा फोन आला. हेतने कानाला लावला, ऐकलं आणि परत दिला. "फई, कोणीतरी विचारतंय, जेवलास का म्हणून."

वसू हसली. "खेळात गुंग आहे गं," तिने भावजयीला सांगितलं. तिकडे बिनलही खूश झाली असावी.

सहाव्या दिवशी मी ध्रुवीला शाळेचं नाव विचारलं. ती नुसती गोड हसली आणि तिने आमरसाची वाटी पुढे केली.

"वसू, हे बरं लक्षण नाही."

"तुम्हाला का जळजळ? रडतात का? सांगा ना, रडतात का?"

रडत नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा मी तिथेच होते. गोळा रात्रभरात पसरून सपाट झाला होता आणि त्यावर तळव्यांचे ठसे होते. मोठे, पुरुषांचे, एकावर एक. वसूने ते नीट पाहिले.

"आमचेच लोक," ती म्हणाली, आणि मळायला लागली.

दहाव्या दिवशी तिने मला "कोण हवंय, बेन?" असं विचारलं. मला चेष्टा वाटली.

अकराव्या दिवशी बिनल आली.

हेत ट्रेमधून पाणी घेऊन आला. "बसा, मासी."

बिनल हसली. "मासी? नाटकं बास झाली. बॅग भर."

हेतने ट्रे आणखी पुढे केला. ध्रुवीने अदबीने विचारलं, "तुम्हाला कोणाकडे जायचंय?"

बिनलचं हसू गेलं. "वसुबेन, काय शिकवलंत माझ्या पोरांना?"

वसू बाहेर आली. मनगटापर्यंत हात माखलेले. तिने बिनलकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"तुमची का ही?" ती म्हणाली. "बरं झालं आलात. केव्हापासून इथेच खेळताहेत. मला वाटलं, शेजारची असतील."

मुलं निमूट गेली, कोणीही बोट धरलं तरी गेली असती तशी.

आता हिशोब. सगळ्यात जास्त किंमत भरली ती बिनलने, जिने त्या गोळ्याला बोटही लावलं नव्हतं. ती पोरांना स्वतःचं नाव पुन्हा शिकवते आहे. वसूला तिचे अकरा दिवस मिळाले. मिळाले होते हे तिला माहीत नाही.

माझे दोनच हिसके. त्यांचं काय गेलं, ते मी खूप शोधलं. घर जागच्या जागी आहे. फक्त रोज संध्याकाळी माझे हात दोन ताटं वाढतात. दुसरं कोणासाठी ते आठवत नाही; मी ते झाकून ठेवते, सकाळी गाईला घालते.

त्या ताटातल्या भाजीत तिखट कमी असतं.