सायलेन्सरची पट्टी कोण तोडतंय?

खर्र खर्र आवाज करत आप्पांची मोटारसायकल अंगणात शिरली आणि आरती धावत बाहेर आली. सायलेन्सर मागून तारेला लोंबत होता. त्याला गाडीशी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी तुटली होती, आणि ती पट्टी आरतीनं याच आठवड्यात स्वतःच्या हातानं बसवली होती.

"रेणापुरापासून असाच बांधून आणला," आजोबा, म्हणजे आप्पासाहेब, गाडी निंबाखाली डबल स्टँडवर चढवत म्हणाले. "नांदेडच्या मिस्त्रीनबाईंचं काम टिकलं न्हाई."

नांदेडला आरतीच्या बाबांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि आठवीतल्या आरतीला वहीपेक्षा पाना जास्त आवडायचा. सुट्टीत गावी आल्या आल्या तिनं आप्पांच्या हत्यारांच्या पेटीचा ताबा घेतला होता.

"मी म्हणलो नव्हतो का आप्पा," बाजेवर लोळत दयानंदकाका म्हणाला. हा बाबांचा सगळ्यात धाकटा भाऊ. मोबाइलला रेंज फक्त निंबाखाली यायची, म्हणून काकाही कायम निंबाखालीच असायचा. "ल्हान लेकराचं काम हाय का ते?"

आप्पांनी पिशवीतून नवी पट्टी काढली आणि तिच्यामागोमाग एक नवंकोरं कुलूपही काढलं. "ही बसव. ही बी तुटली तर पेटीला हे कुलूप लागंल. सुट्टी संपंपर्यंत."

आरतीला रडूच येत होतं, पण काकासमोर रडायचं नाही हे तिनं ठरवून टाकलं. तिनं बाह्या मागे सारल्या आणि चुलत भावंडांना हाक मारली. सहावीतल्या सुदर्शननं गंजलेल्या नटावर थोडं डिझेल सोडलं. त्याच्या धाकट्या बहिणीनं, साक्षीनं, सायलेन्सरखाली वीट सरकवली. सुदर्शननं पान्यावर जोर लावताच तो सटकून त्याच्याच गुडघ्यावर आपटला, आणि मग बराच वेळ काम सोडून गुडघ्याचीच चौकशी चालली.

"सगळे नट आधी हातानंच फिरवायचे," आरती सांगत होती. "सायलेन्सर आपल्या जागी बसला, की मग आवळायचे. एकच आधी आवळला तर पट्टीवर ताण येतो."

"मागच्या बारीला असंच केलंतीस का?" साक्षीनं विचारलं.

"अगदी असंच."

"मग तुटली कामून?"

आरतीनं तुटलेली पट्टी उचलून उन्हात धरली. हादऱ्यानं तुटलेल्या पट्ट्या तिनं दुकानात पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या सरळ चिरायच्या. ही मात्र मागच्या बाजूला चांगली वाकली होती, आणि एका जागी रंग खरवडून लोखंड चकाकत होतं. तिथे एक पांढरा केसही अडकला होता.

"हिला कुणीतरी मागं ओढलंय," ती हळूच म्हणाली. "आणि दोरीनं एवढं खरवडत नाही. ही साखळी आहे."

सुदर्शन गुडघा विसरून उठला. "अगं, साखळी तर आपल्याकडं एकालाच हाय! नवाबाला!"

नवाब म्हणजे घरातला पांढरा गोऱ्हा. बैल व्हायला अजून अवकाश होता, पण रग बैलाची. दावं लावलं की चावून खायचा, म्हणून त्याच्या गळ्यात साखळी. त्याला रोज दुपारी बांधावर चारायला नेण्याचं काम दयानंदकाकाचं होतं. त्या वेळी आप्पा पारावर असत आणि मुलांना आजी उन्हाची बाहेर सोडत नसे.

दुसऱ्या दिवशी आजीचा डोळा लागताच तिघं मागच्या दारानं सटकली आणि कडब्याच्या गंजीआड जाऊन बसली.

काका बांधावर गेलाच नव्हता! तो बाजेवर आडवा होऊन, कानात इअरफोनचे बोळे घालून मोबाइल बघत होता. नवाब गाडीच्या मागे उभा होता आणि त्याची साखळी नव्या पट्टीत अडकवलेली होती.

"झोपून उठली की आजी गोठ्यात पेंडीची बादली वाजवती," सुदर्शन कुजबुजला. "ती ऐकली की नवाब कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

"आणि रोज तो हिसका माझ्या पट्टीला बसतो," आरती म्हणाली. तिला इतका राग आला, की तिचे कान तापले. "आप्पांना सांगावं तर काका म्हणणार, आजच बांधला होता. त्यांनी स्वतः बघायला हवं. साक्षी, तू पारावरून त्यांना घेऊन ये. सुदर्शन, ते आले की तू गोठ्यात बादली वाजव."

साक्षी पळाली. आरती दबकत पुढे गेली. नवी पट्टी वाचावी म्हणून तिनं साखळी तिच्यातून सोडवली आणि काकाच्या बाजेच्या पायाला अडकवली. काका कुठल्यातरी विनोदावर एकटाच हसत होता. नवाबानं तिचा हात चाटला.

आप्पा फाटकात पोचले. "काय दावायचंय गं साक्षे?"

तेवढ्यात गोठ्यात सुदर्शननं बादली वाजवली.

नवाब उधळला. त्याच्यामागे बाज निघाली आणि बाजेवर काका! "आरं थांब! आरं कोण ओढून राहिलंय मला?" अर्धं अंगण पार केल्यावर बाज कलंडली आणि काका कडब्यात जाऊन पडला. बाज मात्र नवाबासोबत गोठ्यापर्यंत गेली.

आजी, म्हणजे गुणाबाई, धावत बाहेर आली. "अगं माय, बाज कामून चरायला नेली?"

आरतीनं वाकलेली पट्टी आप्पांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. आप्पांनी चकाकणाऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दयानंदा, बांधावर कितीक गवत हाय रे आज?"

केसांतला कडबा झटकत काका पुटपुटला, "चुकलं आप्पा. तिथं रेंज येत न्हाई."

आधी आजी हसली, मग आप्पांनाही हसू आवरेना. हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत त्यांनी आरतीला जवळ घेतलं. "तुझं काम पक्कं होतं पोरी. मीच घाई केली. आता ह्यानं तुझ्या पट्टीला हात जरी लावला तर मला सांग."

मग त्यांनी खिशातून ते नवंकोरं कुलूप काढलं. "पैशे मोडून आणलंय, वाया कामून घालायचं?" म्हणत पेटीला लावलं आणि किल्ली आरतीच्या तळहातावर ठेवली.

संध्याकाळी शेजारचे माणिकप्पा आपली खडखडणारी गाडी ढकलत आले. "आप्पासाहेब, जरा बाराचा पाना देता का?"

"माझ्याकडं न्हाई बाबा," आप्पा ऐटीत म्हणाले. "मिस्त्रीनबाईंना विचारा. किल्ली त्यांच्याकडं हाय."