पिवळ्या रेघेखालचा नट

"पाच वाजता गाडी बाहेर! आणि पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर कोण? आपली पिटुकली!" मामाने हातातलं फडकं भिरकावत जाहीर केलं.

"आणि आम्ही काय इथे माश्या मारायच्या?" भोंगा ओरडला. त्याला भोंगा का म्हणतात, हे कळायला त्याचं एक वाक्य पुरायचं.

"तू बोनेटवर बस. हॉर्न लावायचा राहिलाच आहे," ताई म्हणाली.

ही तिन्ही भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती, आणि सगळी सुट्टी घरामागच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्येच घालवत होती. घालवणार नाही तर काय! मामाने भंगारातली एक छोटी गाडी आणून तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. त्यावर जोर वाढवणारा टर्बो, आत चार पट्ट्यांचे बेल्ट, आणि छोटंसं गोल स्टिअरिंग. मागची कडी ओढली की ते अख्खं हातात यायचं! मामाचे मित्र रंगारीकाका यांनी गाडी निळीशार रंगवली होती आणि कालपासून ते नुसते तिचे फोटो काढत होते.

मामा तसा गबाळा माणूस. एक पाना सापडेल तर शपथ! पण एका बाबतीत तो भलता कडक होता. प्रत्येक नट टॉर्क पान्याने आवळायचा. ठरलेला जोर बसला की हा पाना 'टक्' करतो. ते 'टक्' ऐकलं की मगच नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ दिसली की नट पक्का, पुन्हा बघायला नको.

"पिटुकले, खाली शिरून दांड्यांवरचे तेलकट डाग पूस बरं! फोटोत घाण दिसतात," रंगारीकाका म्हणाले.

गाडी चार भक्कम स्टँडवर उभी होती. पिटुकली फडकं घेऊन खाली सरकली. थोडा वेळ तिची गाण्याची गुणगुण ऐकू येत होती. मग ती एकदम थांबली.

"ताई, जरा इकडे ये ना."

ताई आडवी होऊन आत सरकली. पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा एक जाड दांडा होता. त्याच्या नटावर पिवळी रेघ होती, अगदी ठसठशीत. पिटुकलीने नटाखालच्या वॉशरच्या चकतीवर बोट टेकवलं आणि हलकेच ढकललं.

वॉशर गर्रकन फिरला!

"नट आवळलेला असता तर वॉशर हलला तरी असता का गं?" पिटुकलीने कुजबुजत विचारलं.

हा नट निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होणार. आणि वर्कशॉपसमोरचा रस्ता म्हणजे सरळ उतार, खाली वळणावर बसथांबा. तिथे सदा माणसं उभी!

दोघी धावत मामाकडे गेल्या. "मामा, डावीकडचा नट सैल आहे!"

"रेघ आहे की नाही त्यावर?"

"आहे, पण..."

"मग झालं तर! माझ्या रेघेवर शंका? पिटुकले, बसायची भीती वाटत असेल तर तसं सांग, उगाच खुसपटं काढू नकोस."

पिटुकलीचे डोळे भरून आले. "मी घाबरत नाहीये! वॉशर खरंच फिरतोय!"

"अहो, ऊन उतरायच्या आत निघा! नंतर फोटो काळे येतात," रंगारीकाका घाई करत होते. मामाने जॅक लावला आणि बघता बघता गाडी स्टँडवरून खाली आली. चार चाकं जमिनीला टेकली. मामाने इंजिन चालू केलं तसे वर्कशॉपचे पत्रे थरथरले.

"आता काय करायचं?" भोंग्याने विचारलं. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"हेल्मेट आणायला मामा घरात जाईल. तेवढाच वेळ आहे," ताई म्हणाली. "तू रंगारीकाकांना गुंतव."

मामाने इंजिन बंद केलं आणि तो आत वळला. इकडे भोंग्याने आपला खास सूर लावला. "रंगारीकाकाऽऽ! मागच्या दारावर ओरखडा!"

"काय? कुठे?" काका कॅमेरा सोडून मागे धावले. ताई खिडकीतून आत वाकली. कडी ओढली. निघेना! हाताला घाम सुटला होता. तिने हात फ्रॉकला पुसले, दोन्ही हातांनी हिसका दिला, आणि स्टिअरिंग घेऊन ती थेट गच्चीच्या लोखंडी जिन्यावर पळाली.

"कार्टे! खाली ये आधी!" मामा हेल्मेट टाकून जिन्याखाली उभा राहिला. रागाने त्याचा आवाज फाटला होता. "हा काय खेळ आहे का?"

"नाही ना, म्हणूनच तर!" ताईने स्टिअरिंग छातीशी घट्ट धरलं. "तो एक नट पान्याने आवळून दाखव. पाना लावताच 'टक्' झालं, तर स्टिअरिंग देते आणि सुट्टीभर वर्कशॉपमध्ये पाऊल टाकणार नाही."

गलका ऐकून मामी बाहेर आली. "अहो, एकच नट तर बघायला सांगतेय! बघा की!"

मामाने धुसफुसत पुन्हा जॅक लावला, स्टँड सरकवले आणि टॉर्क पाना घेऊन खाली शिरला.

पाना फिरला. आवाज नाही. अजून फिरला. नाहीच. नट मुकाट्याने फिरतच राहिला. मामाने शेजारचा नट धरला. तोही तसाच. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डाव्या बाजूचे सगळे नट नुसते हाताने अडकवलेत. या रेघा कुणी मारल्या?"

रंगारीकाकांनी मान खाली घातली. "मी. काल. उजवीकडे रेघा होत्या, डावीकडे नव्हत्या. मला वाटलं, नट तू आवळलेस आणि रेघा मारायच्या विसरलास. फोटोत दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून..."

"आणि मी सकाळी रेघा बघितल्या आणि समजलो, आपलंच काम झालंय." मामा मटकन खाली बसला. "अरे, मी हिला शेजारी बसवून निघालो होतो!"

मामीने पिटुकलीला जवळ ओढून घट्ट धरलं. "या घरात अक्कल आहे ती या तीन पोरांनाच," ती म्हणाली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"चुकलं माझं, पिटुकले," मामा म्हणाला. "तू सांगत होतीस आणि मी तुला भित्री ठरवलं. ताई, तू आज स्टिअरिंग पळवलं नसतंस तर..." रंगारीकाकांनी कॅमेरा मुकाट्याने पिशवीत टाकला आणि रेघा खरवडायला ते गुडघ्यांवर बसले.

"आणि माझा आवाज?" भोंग्याने विचारलं.

"तुझ्या आवाजाने आज पहिल्यांदाच कुणाचं भलं झालं," ताई जिन्यावरून उतरत म्हणाली, तेव्हा कुठे सगळे हसले.

मामाने पिटुकलीसमोर उकिडवं बसून विचारलं, "सगळे नट नव्याने आवळतो. उद्या बसशील ना माझ्या शेजारी?"

पिटुकलीने क्षणभर विचार केला. मग फडकं उचललं.

"मागच्या चाकांचे बघितल्यावर सांगते," ती म्हणाली आणि गाडीखाली सरकली.