चढावर बंद पडणारी गाडी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही शहाळ्याचं पाणी पिताय. मध्येच नळीच्या टोकाला मलईचा तुकडा येऊन चिकटतो. जोरात ओढावं, तर तो आणखी घट्ट बसतो. कंटाळून ओढणं थांबवलं, की आपोआप सुटतो. आता डोळे उघडा... पण तो तुकडा विसरू नका.

दिवा गावातली कल्पिता रोज आपल्या भाचीला, सात वर्षांच्या करिश्माला, ठाण्याच्या शाळेत सोडून वागळे इस्टेटमधल्या ऑफिसला जायची. गाडी तिच्या वडिलांची, म्हणजे करिश्माच्या आबांची, जुनी, डिझेलवर चालणारी. वडील दिवाळीनंतर गेले, आणि एका सकाळी मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी गचके खात बंद पडली. मागे टँकरांची रांग लागली. कल्पिताला रडूच येत होतं.

"मॅडम, बॉनेट उघडू का?"

बाइकवरून उतरलेल्या त्या तरुणाचं नाव प्रफुल्ल. शीळफाट्याला त्याचं छोटं गॅरेज होतं. त्यानं दोन वायरी हलवल्या, कान लावला, डोकं खाजवलं. कल्पितानं चावी फिरवली... आणि गाडी चालू.

"काय केलंत तुम्ही?"

"खरं सांगू? काहीच नाही."

"मग चालू कशी झाली?"

"बंद का पडली, तेपण कुठं कळलंय."

कपाळावर काळ्या ऑइलचा पट्टा घेऊन तो हसला. बऱ्याच दिवसांनी कल्पिताही हसली.

मग गाडी गॅरेजमध्ये येऊ लागली. डिझेलचा फिल्टर बदलला, पंप तपासला, नळ्या बदलल्या. गॅरेजसमोर ती शहाण्यासारखी चालायची, आणि चढावर गेली की दगा द्यायची.

"तुमच्यासमोर लाडात येते," कल्पिता म्हणायची.

"माझ्यासमोर सगळेच नीट वागतात. तुम्ही सोडून."

"मी काय केलं?"

"रोज विचारता, झाली का, झाली का..."

गाडी कुठं अडते ते बघायला प्रफुल्ल सोबत बसून चढावर यायचा. ती बंद पडली, की तिघं कठड्याशी थांबायचे. खाली खाडी चमकायची. वाऱ्यानं कल्पिताचे केस उडायचे, आणि प्रफुल्ल इंजिनाकडे बघायचं सोडून... पण ते फक्त करिश्माच्या लक्षात यायचं.

"प्रफुल्लकाका, इंजिन पुढे आहे," ती सांगायची.

उन्हाळा आला, तसं हे हसणं आटत गेलं. प्रत्येक नवा भाग घातला, की आशा वाटायची, आणि दुसऱ्या सकाळी तोच चढ, तेच गचके. कल्पिताचा भाऊ प्रितम एका रात्री जेवताना म्हणाला, "बस झालं, ताई. महिनाअखेरीला भंगारवाला गाडी घेऊन जाईल."

कल्पितानं ताट बाजूला सारलं. गाडी गेली, तर बाबांची आठवण जाणार होती, आणि शीळफाट्याला जायचं कारणही. मग तिला दुसरंच सुचलं, आणि ती आणखी खचली. गाडी नीट झाली, तरी ते कारण जाणारच होतं.

तिकडे प्रफुल्लनंही मनातलं मनातच ठेवलं होतं. "एक गाडी नीट होत नाही माझ्याच्यानं," तो मान खाली घालून तिला म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडे न्या. माझ्यावर विश्वास ठेवून फुकट गेले तुमचे दिवस."

"फुकट नाही गेले," कल्पिता हळूच म्हणाली. पण शेजारी ग्राइंडर चालू होता.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं डिझेलची टाकीच खाली उतरवली. आतलं डिझेल कॅनमध्ये ओतताना काहीतरी काळं, ओलं बाहेर घसरलं. त्यानं ते तळहातावर पसरलं. दोन पाकळ्यांचं, अख्खं पान.

"आपट्याचं आहे हे," कल्पिता म्हणाली. "टाकीत कुठून आलं?"

दोघांनी करिश्माकडे पाहिलं. ती एक पाऊल मागे सरकली.

"दसऱ्याला आबांनी सगळ्यांना सोनं दिलं ना... गाडीची पूजा केली, हार घातला, पण सोनं दिलंच नाही. आबाच म्हणायचे, जे आपल्यासाठी राबतं त्याला आधी द्यायचं. मग मी झाकण उघडून दिलं. तिचं तोंड तेच ना?"

कल्पिता खाली बसली आणि तिला कुशीत घेऊन खूप रडली. बाबांच्या हातचं शेवटचं सोनं इतके महिने डिझेलमध्ये तरंगत होतं. चढावर इंजिन जोरात ओढू लागलं, की ते नळीच्या तोंडाशी चिकटायचं. इंजिन थांबलं, की सुटायचं.

आठवला ना तो मलईचा तुकडा?

संध्याकाळी टाकी बसवून प्रफुल्लनं गाडी चढावर नेली. एक गचका नाही. कठड्याशी थांबायला कारणच उरलं नव्हतं.

गॅरेजपाशी तो कॅनमधलं उरलेलं डिझेल टाकीत ओतू लागला.

"म्हणजे... आता नाही बंद पडणार?" कल्पितानं विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"नाही पडणार." कॅन रिकामा झाला, तरी त्यानं तो तसाच तिरका धरून ठेवला होता. "बरं झालं ना?"

"हो... बरं झालं."

करिश्मानं आधी आत्याकडे पाहिलं, मग काकाकडे. दोघांचे चेहरे चढावर गाडी बंद पडल्यावर व्हायचे, त्याहून वाईट झाले होते. बॉनेटवर वाळत ठेवलेलं पान तिनं उचललं, फ्रॉकला पुसलं आणि टाकीच्या उघड्या तोंडावर धरलं.

प्रफुल्लनं तिला अडवायला हात पुढे केला... आणि तिथंच थांबला. त्यानं कल्पिताकडे पाहिलं. कल्पिताला "नको" म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. तिनं फक्त त्याचा तो अर्ध्यात थांबलेला हात आपल्या हातात घेतला.

करिश्मानं पान आत सोडलं, आणि टक्‌ आवाज येईपर्यंत झाकण घट्ट पिळलं.