उंच बांध्याची गाडी

गाडी माणसाने डोळ्यांनी पसंत करायची, ही पद्धत मागे पडून बरीच वर्षं झाली होती. आता गाडीच आधी माणसाला तपासून घेई. कोल्हापूरबाहेर गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीने मुद्दाम खाचखळग्यांचा एक रस्ता बांधला होता. गिऱ्हाइकाने नमुन्याच्या गाडीतून त्यावर फेरी मारायची आणि मग चहा पीत सल्ल्याची वाट बघायची.

भार्गव चौगुले आणि त्याची बायको रेणुका अशीच फेरी मारून बसली होती. दोघंही चाळिशी ओलांडलेली. मूलबाळ नव्हतं, पण शनिवार-रविवार होते, आणि लग्न झाल्यापासून ते त्यांनी घरात फार क्वचित काढले होते. रेणुका शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि सुट्टीत बेडकांच्या मागावर असायची. कधी आंबोली, कधी तिलारी, कधी दाजीपूर. जुनी गाडी आता घाटात धापा टाकायला लागली होती. त्यांच्या मनात होती ती उंच बांध्याची, दगडगोट्यांतून वाट काढणारी गाडी, जिच्या टपावरच तंबू उघडतो. शिडीने वर चढायचं आणि झाडांच्या फांद्यांशेजारी झोपायचं.

सल्ला आला तो सखल गाडीचा. बूड जमिनीलगत, दार रुंद आणि सरकतं, मागून उतरणारी फळी, तंबू खाली मातीवर.

"म्हातारं ठरवलंय आपल्याला," रेणुका हसत म्हणाली. "सखल गाडी तुझ्या आत्याला घेऊ. आपण उंचच घ्यायची."

भार्गवही हसला. पण घरी आल्यावर ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. पुढच्या आठवड्यात तो एकटाच परत गेला आणि डॉ. शाल्मली देवस्थळींना भेटला. ही तपासणी त्यांनीच शोधून काढली होती. तिला त्या कंपवाचन म्हणत.

"गाडीला दणका बसला की आपण पडत नाही," त्या समजावून सांगू लागल्या. "कारण आपल्याला कळायच्या आत पाठीचे, कमरेचे, पायांचे स्नायू शरीराला सावरतात. हे सावरणं किती चटकन होतं, ते आसनातले संवेदक मोजतात. एखादा आजार यायचा असेल तर हा वेग खूप आधीपासून मंदावतो. माणसाला काही जाणवत नाही, वैद्यकीय तपासणीतही काही सापडत नाही. पण दणक्याला दिलेलं उत्तर बदललेलं असतं. गाडी माणूस दहा-बारा वर्षांसाठी घेतो. म्हणून आम्ही आजच्या शरीराला नाही, तर पुढे होणाऱ्या शरीराला पेलेल ती गाडी सुचवतो."

"म्हणजे आमच्यापैकी कुणाला तरी काही होणार आहे."

"ते मला सांगता येत नाही. न जाणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, कायद्यानेच. आम्ही फक्त गाडी सांगतो. तुम्हाला तुमचं स्वतःचं वाचन मात्र मागता येईल."

"मग माझं सांगा."

"चौगुले, नीट विचार करा. तुम्ही गाडीत दोघंच होतात."

त्या काय म्हणताहेत ते त्याला त्या वेळी कळलं नाही. "सांगा," तो म्हणाला.

"तुमचं वाचन स्वच्छ आहे."

त्याला हायसं वाटलं, आणि लगेच कळलं, की मग सल्ला रेणुकासाठी होता.

"उपाय आहे का?" त्याने विचारलं.

"समजा असा आजार असला, तरी आज तरी नाही. तुम्ही त्यांना विचारू शकता, जाणून घ्यायचंय का म्हणून."

"विचारलं म्हणजे सांगितलंच की."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "यावर मलाही तोड सापडलेली नाही."

भार्गवने उंच गाडीच घेतली. सखल गाडी दारात उभी राहिली असती तर रेणुकाने त्याच्या तोंडाकडे बघूनच सगळं ओळखलं असतं. तिची चांगली वर्षं चांगली जावीत, एवढीच त्याची इच्छा होती. ओझं आपण वाहू, असं त्याने ठरवलं.

पहिल्याच सहलीत ती टपावर सरसर चढली आणि वरून म्हणाली, "ये ना, धनेश बसलाय समोर."

तो खालीच उभा होता. त्याने तो पक्षी पाहिला नाही. शिडीवर पडणारं तिचं एकेक पाऊल तो बघत होता.

पुढे ते तसंच होत गेलं. ती ओढ्यात उतरली की हा तिच्या घोट्यांकडे बघे. ती दमून बसली की ती पुन्हा उठेपर्यंत हा तिथून हलत नसे. सांबर, बेडूक, धुकं यांतलं त्याला काहीच दिसेनासं झालं. ती दाखवी तिकडे तो मान वळवी, पण नजर तिच्यावरच परत येई. ती त्याला कधी अडखळलेली दिसली नाही, आणि त्यामुळे त्याची वाट बघणंही संपेना. शेवटी तो सबबी काढायला लागला. घाट खचलाय, कंबर दुखतेय, घरी पाहुणे येणार आहेत.

"तुला आता माझ्याबरोबर यायला नको असतं," रेणुका एकदा जेवताना म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्याने मान हलवून नाही म्हटलं. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. गाडी अंगणात आच्छादनाखाली उभी असायची. रेणुका निरोगी होती, आणि शनिवार-रविवार घरात जात होते.

अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात तिनेच हट्ट धरला आणि ती दोघं दाजीपूरला गेली. सकाळची वेळ होती. तिने शिडीवर पाय ठेवला आणि दुसरा उचलला. तो जेवढा उचलायला हवा तेवढा उचललाच गेला नाही. ती खाली मातीत बसली.

"झोपला वाटतं पाय," असं म्हणून ती हसली. पुन्हा उठू लागली तर उठता येईना.

भार्गवने धावत जाऊन तिला उचललं. तिचं डोकं त्याच्या छातीशी होतं. त्याच क्षणी त्याच्या छातीतून एक लांब, सुटकेचा श्वास बाहेर पडला. वाट बघणं संपलं होतं. दुःख त्याच्या मागून आलं, पण आधी आला तो हा श्वास, आणि तो तिला ऐकू गेला.

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

त्याने मान डोलावली.

"कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

"मला वाटायचं, तुझं मन उडालं माझ्यावरून," ती म्हणाली. "त्याचीही मी सवय करून घेतली होती."

त्याने तिला पुढच्या आसनावर बसवलं. ती जंगलाकडे तोंड करून बसली. तो दाराशी उभा राहिला, तिच्या बोलण्याची वाट बघत.

"म्हणजे इतकी वर्षं मी धडधाकट होते, भार्गव," ती म्हणाली, "आणि तू मात्र तेव्हापासूनच मला उचलून चालला होतास."