शेरा : दार बंद

बसा नीट. मधेच कुणी उठायचं नाही, आणि ते मोबाईल खिशात जाऊ देत. ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, तो माणूस वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मी वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधायचो, तो धडधाकट पुस्तकं वाटायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत.

आमच्या वाचनालयाची तेव्हा एक सोय होती. ज्यांना घराबाहेर पडवत नाही, त्यांना दर बुधवारी घरपोच पुस्तक. भाऊ पिशवी खांद्याला लावून अकरा घरं करायचा. माणूस वाईट नव्हता हं. पण अकरावं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि तिथे राहायच्या टेलिफोनवाल्या बाई. उभा जन्म परक्यांचे फोन जोडून देण्यात गेलेला. आता गुडघे कामातून गेलेले, घरात दुसरं माणूस नाही. पुस्तक हातात घेतलं की म्हणायच्या, "दोन पानं वाचून दाखवता? तुमच्या आवाजात बरं वाटतं." दोनाची वीस कधी व्हायची कळायचं नाही. भाऊच्या जिवावर यायचं ते.

एका बुधवारी त्यानं रस्त्यावरूनच तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, वही काढली आणि शेरा मारला : 'दार बंद'. एकही पायरी न चढता! कुणी काही विचारलं नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. एकदा जमलं की हात आपोआप लिहितो. असे पाच बुधवार गेले.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. वही चाळता चाळता थांबले.

"पाच वेळा दार बंद? मग कशाला चालू ठेवायचं हे? त्यांच्या घरी जा, या फॉर्मवर सही घ्या, नाव कमी करून टाका."

भाऊ "हो साहेब" म्हणाला. आणि खरं सांगू? त्याला हायसं वाटलं. एक जिना कायमचा सुटला. हे त्यानंच मला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

जानेवारीची सतरा तारीख. बुधवार. संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं. समोरचा रस्ता खणून ठेवलेला, खडीच्या ढिगाला वळसा घालून तो इमारतीत शिरला. जिन्यातला दिवा गेला होता. मोबाईलच्या उजेडात तो वर चढला. मनात वाक्य जुळवत होता. 'मी येऊन गेलो, तुम्ही नव्हता.' नको. 'बहुतेक तुमचा डोळा लागला असेल.' हे बरं.

तिसरा मजला आला.

दार सताड उघडं होतं.

आत अंधार. त्यानं कडी वाजवली.

"या," आतून आवाज आला. "दिवा लावू नका. डोळ्यांना टोचतो."

बाई खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीत. उजेड गुडघ्यांपर्यंतच पोचत होता, आणि भाऊनं तो वर नेला नाही. तोंड बघायची हिंमत नव्हती. कारण भीती नव्हे, पोरांनो. लाज.

"सही हवी होती एक," तो म्हणाला.

"कसली?"

"असंच... ऑफिसचं."

"वाचून दाखवा."

"काही विशेष नाही हो त्यात."

"वाचा की. तुमच्या आवाजात बरं वाटतं."

आता काय करणार? त्यानं कागद उजेडात धरला. "वाचकाचे घर... सलग पाच आठवडे... बंद आढळल्यामुळे..."

"कुणाचं घर?"

भाऊनं कागद खाली केला.

"कुणाचं, भाऊ?"

"तुमचं."

खाली रस्त्यावर एक स्कूटर गेली. मग अगदी सावकाश...

"मी तर दार लावतच नव्हते."

भाऊचे कान तापले. 'माफ करा.' दोन शब्द. ओठांपर्यंत आले. तिथेच राहिले.

"पुढे वाचा."

"वाचकाची... याला संमती आहे."

"आहे का?"

त्यानं कागदाची घडी घातली. खोली गार पडली होती. आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं... इतका वेळ आपल्याला एकाच माणसाचा श्वास ऐकू येतोय.

आपला.

"मी... पुढच्या बुधवारी येतो," तो कसाबसा म्हणाला.

"जिना फार आहे," आवाज आला. रागाचा नाही. समजूत घालणारा. "राहू दे. तुम्ही नका चढू आता."

तो मागे वळला. पळाला नाही. पळायलाही लाज वाटली, म्हणाला.

दुसऱ्या मजल्यावर शिंपी राहायचा. पावलं ऐकून तो बाहेर आला, गळ्यात टेप तशीच.

"वर कुणाकडे गेला होतात?"

"टेलिफोनवाल्या बाईंकडे."

शिंप्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थट्टा करता काय? आज तीन आठवडे झाले त्यांना जाऊन. बुधवारच होता. त्यांना उठायला वेळ लागायचा ना, म्हणून बुधवारी चार वाजल्यापासून दार उघडंच ठेवायच्या. पुस्तकवाला येतो म्हणायच्या. त्या रात्री मी वर गेलो, तर खुर्चीतच होत्या. तोंड दाराकडे."

भाऊनं कठडा धरला.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मी... वाचनालयातून."

"अरे! म्हणजे ते तुम्हीच. दर बुधवारी येत होतात ना?"

तिथे तरी खरं बोलायचं. जिन्यात, त्या अंधारात, ऐकायला एक शिंपी. पण भाऊ म्हणाला, "हो."

त्या एका 'हो'पायी तो पुढे कितीतरी रात्री झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांसमोर सगळं कबूल केलं, बोलणी खाल्ली, आणि निवृत्त होईपर्यंत एकही घर चुकवलं नाही. पण शिंप्यापुढचं ते 'हो' त्याला परत घेता आलं नाही. शिंपी घर बदलून कुठे गेला, कळलंच नाही.

पण त्या रात्रीचं राहिलंच. 'दार उघडं होतं, आत्ताच आत जाऊन आलो,' असं भाऊ म्हणाला, पण शिंप्याचा विश्वास बसेना. बाईंच्या भाच्यानं चावी शिंप्याकडेच ठेवली होती. दोघे वर गेले.

दाराला कुलूप होतं.

शिंप्यानं ते काढलं. दिवा लावला. खोलीत कुणी नाही. खिडकी तीन आठवडे उघडी राहिलेली, त्यामुळे खणलेल्या रस्त्याची धूळ फरशीभर बसली होती. पांढरी, पिठासारखी. त्या धुळीत भाऊच्या बुटांचे ठसे. दारापासून खुर्चीपर्यंत गेलेले. खुर्चीपासून दारापर्यंत आलेले.

आणि परतीच्या ठशांना लागून, अगदी लागून, अनवाणी पावलं. लहान. बाईमाणसाची. खुर्चीपासून निघून उंबऱ्यापर्यंत आलेली.

शिंप्यानं वाकून पाहिलं. दोनदा पाहिलं.

आत परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.